हाडाचं पीठ

मी ढोरांचा डॉक्टर कधीच नव्हतो. डॉक्टरांच्या हाताखाली सुया उकळणारा, बैलाचे पाय बांधणारा, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस होतो. सरकारी भाषेत स्टॉकमन. पण बार्शीटाकळीच्या आसपासची माणसं मला खुशाल ‘डाक्टर’ म्हणत आणि मीही ते खपवून घ्यायचो. बाविसाव्या वर्षी डोक्यात हवा जायला एवढं पुरतं. ती हवा घेऊन मी सुट्टीला वलगावला आईबापाकडे जायचो. माझा बाप कौतुकानं आणि थोडं चिडवत मला विचारायचा, “काय डाक्टर, किती ढोरं वाचवले?” मी आकडा फुगवून सांगायचो. आमची स्वतःची म्हैस मात्र मी वाचवली नाही. ती माझ्यामुळे मेली, हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही.

म्हैस मामानं मायला पारडी असताना दिलेली. आपल्याकडची लांबशिंगी जात, शिंगं पार पाठीवर टेकलेली, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. आमच्या वस्तीत तोवर कुणाच्या दारात म्हैस नव्हती. माय तिला पेढी नदीच्या पात्रात न्यायची आणि नारळाच्या शेंडीनं असं घासायची की बाप म्हणायचा, “लेकरायले नाई कधी असं धुतलं तिनं.” मायला त्या म्हशीचं सगळ्यात मोठं सुख कोणतं, तर चहा. जन्मभर कोरा चहा प्यालेली बाई. पहिल्या वेताला चुलीपुढे बसून तिनं दुधाचा चहा केला आणि कपात बघत राहिली. पिईना. बाप म्हणाला, “पी ना, त्यात काय भुतं हाय?”

आता बापाचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. गावात ढोर मेलं की ते ओढून नाल्याकाठी नेणं, सोलणं, ही आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेली कामं. उन्हात वाळलेली हाडं बाप पोत्यात भरायचा आणि शहरातून येणाऱ्या व्यापाऱ्याच्या बैलगाडीत टाकायचा. त्या पोत्याचा वास माझ्या लहानपणाला चिकटलेला आहे. नंतर तो नागपूरला गेला, लाखो लोकांत उभं राहून दीक्षा घेतली आणि परत आला तो बोलायच्या आधी कामाला लागला. ज्या दोरानं ढोरं ओढायचा तो दोर त्यानं अंगणात जाळला. सुरी नदीत टाकली. गावानं त्याला शेतातलं काम द्यायचं बंद केलं, तेव्हा तो अमरावतीच्या जिनात कापसाच्या गाठी वाहायला पायी जाऊ लागला, पण नाल्याकडे फिरकला नाही.

आमच्या घरात काळ मोजायची रीतच त्यामुळे वेगळी झाली. दुसऱ्यांच्या घरी ‘पुराच्या साली’, ‘पटकीच्या साली’ म्हणायचे. आमच्याकडे ‘हाड सोडलं तवा’. बहिणीचं लग्न हाड सोडल्यावर दोन वर्षांनी झालं. मी मॅट्रिक झालो ते हाड सोडल्यावर तिसऱ्या वर्षी. माय हे इतक्या सहज बोलायची की शब्दाचा अर्थ आमच्या लक्षातही येत नसे.

म्हैस दुसऱ्यांदा गाभण होती, सातवा-आठवा महिना असेल. मी सुट्टीवर गेलो तर बापाच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं. म्हणालो, काय झालं? तो हसला.

“तुया मायच्या लाडकीनं चावलं. नाल्याकडून एक हाडूक तोंडात घेऊन आली. कडकड चाऊन राह्यली होती. मी काढाले गेलो त सोडेच ना.”

माय म्हणाली, “भित चाटते. दोरीवरचं मायं लुगडं चाऊन टाकलं. बाहेरचं काई हाय का रे तिले?”

मला आनंद झाला. खरंच सांगतो, आनंद झाला. वर्गात शिकलेलं जसंच्या तसं माझ्या घरच्या गव्हाणीत उभं होतं. म्हैस गाभण असते तेव्हा पोटातल्या पिल्लाची हाडं तिच्या अंगातल्या द्रव्यातून होतात. नुसतं कुटार आणि कडबा खाणाऱ्या म्हशीत ते द्रव्य कमी पडतं, आणि मग ती भिंत चाटते, चिंध्या खाते, हाडं चघळते. व्याल्यावर तेच द्रव्य दुधातून जातं. तेव्हा आणखी कमी पडलं तर लघवी लाल होते, आणि मग धडगत नसते. मी हे सगळं बाजेवर बसून दोघांना समजावून सांगितलं. बाप शाळकरी पोरासारखा ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हंजे बिचारी मांगून राह्यली होती, अन् मी तिच्या तोंडातून काढलं.” मग त्यानं मला विचारलं, “औषिद हाय का यावर?”

“हाय तर. पुढच्या खेपेला आनतो.”

पंधरवड्यानं मी पाठीवर छोटं पोतं मारून घरी आलो. दवाखान्यात नमुन्यादाखल आलेलं होतं. डॉक्टरांनी मोठ्या मनानं दिलं. अंगणात पोतं उतरवलं आणि ऐटीत सांगितलं, “रोज दोन मुठी सरकीच्या ढेपेत कालवून द्यायचं. व्यायच्या आधी अन् व्याल्यावर बी.”

बापानं पोत्याचं तोंड सोडलं. चिमूटभर पांढरट पीठ तळहातावर घेतलं, बोटानं चोळलं, नाकाशी नेलं. त्याचा हात तसाच राहिला.

“हे काय हाय?”

पोत्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. बापाला ते वाचता येत नव्हतं. मी ‘मीठ’ म्हणालो असतो, ‘ढोराची शक्तीची भुकटी’ म्हणालो असतो, काहीही चाललं असतं. पण मी शिकलेला होतो. मी अक्षरांवर बोट ठेवून वाचलं आणि अर्थ सांगितला.

“हाडाचं पीठ. मेलेल्या ढोरायचे हाडकं उकडून, गिरणीत दयून करते.”

बापानं हात झटकला. मग रांजणापाशी जाऊन राखेनं हात धुतले, पुन्हा धुतले. माय चुलीपाशी उभी होती ती तशीच. तो परत आला आणि शांतपणे म्हणाला, “घराच्या बाहेर ठेव ते.”

मला राग आला. मी म्हणालो, हे औषध आहे, यात घाण काही नाही, उकळून काढलेलं असतं, सरकार देतं. तो ऐकून घेत होता. मी आवाज चढवला. ज्यानं मला शिकवायला गाठी वाहिल्या त्या माणसाला मी म्हणालो, “तुमी अडानीच राह्यले.”

“असंन,” बाप म्हणाला. “पन मले एक सांग. हे हाडकं उचलले कोनं?”

मी पोत्याचं तोंड बांधू लागलो.

“कोन्या तरी गावात कोनीतरी अजून उचलून राह्यला ना? तवाच त हे पीठ झालं. त्यानं उचललेलं हाडूक मी माया हातानं मायाच दारात कालवू? लेका, मी हाड सोडलं ते मायासाठी नाई सोडलं. मायी त जिनगानी गेली होती त्यात. तुयासाठी सोडलं.”

याच्यावर शहाण्या मुलानं काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी म्हणालो, “मंग मरू द्या म्हशीले.”

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. पन्नास वर्षं होत आली, अजून ते मला बसल्या जागी ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस्टी पकडायला निघालो तर माय गोठ्याच्या भिंतीआड थांबलेली. म्हशीचा वास तिच्या लुगड्याला होता. माझ्या हाताला धरून हळूच म्हणाली, “बाप्पा, दुसरं काई नाई का रे? दुसऱ्या कशानं नाई भागत?”

“नाई. हेच लागते.”

“मंग मी चोरून चारू का? त्यायले नाई सांगत.”

“चोरून कायले?” मी म्हणालो. “त्यायनंच चारलं पायजे. त्यायच्या हातानं.”

मला म्हैस वाचवायची नव्हती, मला जिंकायचं होतं. मायनं माझा हात सोडला आणि शेण भरायला घमेलं उचललं. मी वेशीकडे चालू लागलो.

पोतं घराबाहेर भिंतीशी राहिलं. बापानं ते फेकलं नाही. पाणी लागू नये म्हणून त्यानं त्यावर टिनाचा तुकडा टाकला, वर दगड ठेवला. आपल्या पोरानं पाठीवरून आणलेली वस्तू होती ना ती.

पुढं शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून लिहवून घेतलेलं मायचं कार्ड आलं. म्हैस सुखरूप व्याली, पारडी झाली, कपाळावर तसाच ठिपका आहे. चीक सगळ्या वस्तीत वाटला. दूध भरपूर आहे. तू ये. कार्ड वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, बापाचंच खरं झालं की! आणि मी चिडून ते कार्ड वहीत खुपसलं. त्या वेळचा मी मला अजिबात आवडत नाही.

तीन आठवड्यांनी वलगावचा एक माणूस अकोल्यात कापसाच्या कामाला आला होता, तो एस्टीनं मुद्दाम बार्शीटाकळीला निरोप घेऊन आला. म्हशीला दोन दिवसांपासून रगत लागलं आहे, लघवीतून. मी सुया उकळत होतो. चिमटा टाकून मी डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टरांनी एका शब्दानं विचारलं नाही, कपाटातून शिरेत द्यायच्या औषधाची बाटली काढली, नळी दिली आणि म्हणाले, “पळा. आजची गाडी सोडू नका.”

बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून अमरावती, तिथून पुढं. बाटली मी मांडीत धरून बसलो होतो. वलगावला पोहोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

म्हैस लिंबाखाली पडलेली होती. बाप जमिनीवर बसून तिचं डोकं मांडीवर घेऊन होता. मी जवळ जाऊन तिच्या डोळ्याची पापणी उलटली. आत लाली नव्हतीच, कागदासारखं पांढरं. तिच्या मागं जमिनीत जे मुरलं होतं त्याचा रंग कोऱ्या चहाचा होता.

आणि मग मला बापाचे हात दिसले. कोपरापर्यंत पांढरे. पाण्यात कालवलेलं पीठ हातावर वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. भिंतीशी पोतं उघडं पडलं होतं, टिन बाजूला. घमेल्यात पिठाचा घट्ट काला, आणि म्हशीच्या ओठांवर, नाकपुडीवर तोच काला लागलेला.

“कालपासून चारून राह्यलो,” तो म्हणाला. “आता घेत नाई. सुई मार.”

शीर सापडेना. रोज ढोरांच्या माना धरणारा मी, मला माझ्याच म्हशीची शीर सापडेना. तिसऱ्या खेपेला सापडली. बाटली उंच धरून माय उभी राहिली. औषध थेंबथेंब जात होतं. तिकडे खुंट्याला बांधलेली पारडी ओरडत होती. बाटली अर्धी झाली असेल, म्हशीनं एक लांब श्वास सोडला आणि दुसरा घेतलाच नाही. माय तरी बाटली धरूनच होती. मी म्हणालो, “माय, ठेव खाली.” तिनं ठेवली नाही. बापानं उठून ती तिच्या हातातून घेतली.

गावातून एक जण येऊन विचारून गेला, कातड्याचं काय करता. बापानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. आमच्या परसात त्यानं आणि मी खड्डा खणला, वस्तीतले चौघे मदतीला आले. काळी माती, दोन हात खाली ओल. म्हैस शिंगांसकट, कातड्यासकट पुरली. मी रडत होतो. बाप रडला नाही. तो हात धुवायला रांजणाकडे गेला, राख घेतली, आणि राख तशीच खाली टाकून नुसत्या पाण्यानं हात धुतले.

कामावर परतलो तेव्हा डॉक्टरांनी सगळं विचारलं. खायला काय होतं? मी म्हणालो, कडबा, कुटार, ढेप असेल तर पसाभर. हाडाचं पीठ? मी म्हणालो, घरच्यांना चालत नव्हतं. ते भले माणूस होते, त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फक्त सहज म्हणाले, “मग गव्हाचा कोंडा का नाही दिला? त्यात तेच द्रव्य भरपूर असतं. रोज टोपलंभर कोंडा दिला असता तरी बहुतेक वाचली असती.”

मी खोलीवर जाऊन प्रशिक्षणाची वही काढली. पान सापडलं. माझंच अक्षर. ‘हाडाचे पीठ’ याच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. त्याच्याच खालच्या ओळीत लिहिलं होतं, ‘किंवा गव्हाचा कोंडा’. त्या ओळीखाली रेघ नव्हती. तिच्यावर मायचं कार्ड ठेवलेलं होतं.

घरी मी हे सांगितलं नाही. सांगायचं म्हणून दोनदा वलगावला गेलो आणि जेवून परत आलो. मायनं पारडी पेजेवर आणि इकडून तिकडून मागून आणलेल्या दुधावर वाढवली. स्वतः कोऱ्या चहावर आली. माझं काम चालू राहिलं. कास्तकार मंडळी हाडाच्या पिठाचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची, कोण माळकरी, कोण आणखी काही. मी लगेच म्हणायचो, “राहू द्या, कोंडा चारा.” कुणाशी म्हणून वाद घातला नाही. परक्यांच्या म्हशींना मी असा समजूतदार होतो.

तीन-साडेतीन वर्षांनी एका सकाळी दवाखान्याच्या रांगेत बाप उभा दिसला. पुढं कुणाची शेळी, मागं कुणाचा बैल, मध्ये धोतराचा सोगा हातात धरून माझा बाप. ढोर नव्हतं बरोबर. मी धावत गेलो. त्यानं मला बाजूला घेतलं आणि काखेतली पिशवी उलगडली. मायच्या जुन्या लुगड्याची, नवी शिवलेली, तोंडाला नाडी.

“ते पीठ दे,” तो हळू आवाजात म्हणाला. “पारडी गाभन हाय. ही पिसवी येगळीच शिवली. दुसऱ्या कशाले लागू देत नाई. मी चारीन. मायाच हातानं चारीन.”

पोतं कोपऱ्यात होतं. मी आत जाऊन पिशवी भरून दिली असती तर तो गेला असता आणि त्याला कधीच काही कळलं नसतं. पण मग त्यानं रोज सकाळी त्या पिठात हात घातला असता, म्हातारा होईपर्यंत. ते मला बघवलं नसतं. मी म्हणालो, “बाबा, ते नको. गव्हाच्या कोंड्यानं भागते.”

“हाडाबिगर भागते?”

“भागते.”

त्याचा चेहरा सैल झाला. इतका हलका झालेला बाप मी फार कमी वेळा पाहिला. तो चक्क हसला. मग हसू तिथंच थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

“तवा बी भागलं असतं?”

मी होकाराची मान हलवली.

“तुया मायनं इचारलं होतं तुले,” बाप म्हणाला. “दुसऱ्या कशानं भागत नाई का म्हनून. मी कोठ्यात होतो. आयकलं मी. तू म्हनला, ‘नाई, हेच लागते.’ म्हनून त शेवटी हात घातला मी त्यात.”

रांगेतला बैलवाला “डाक्टर, ओ डाक्टर” करत होता. बापानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवीची नाडी सोडली. म्हणाला, “कोंडा कुठी भेटते?”

आम्ही बाजारात गेलो. पिशवी भरली. मी उचलायला गेलो तर त्यानं उचलू दिली नाही, स्वतःच खांद्यावर घेतली. एस्टीत बसताना तो एवढंच म्हणाला, “मायले नको सांगू हे.”

पारडी नीट व्याली. पुढच्या सुट्टीत गेलो तर मायनं आम्हा दोघांना दुधाचा चहा दिला. बापानं आपला कप तिच्याकडे सरकवला आणि स्वतःला कोरा मागितला. माय म्हणाली, “आता काहून? आता त दूध हाय.” तो म्हणाला, “सवय मोडली.” तिला ते खरं वाटलं. त्यानंतर तो आठ वर्षं जगला, दुधाचा चहा प्यायला नाही, आणि मला त्यानं पुन्हा कधी डाक्टर म्हटलं नाही.